तपासणाऱ्याचा वेळ कोण मोजणार?

जानेवारी २०२६ च्या अखेरीस कर्ल या ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाने सुरक्षा-दोष शोधणाऱ्यांना बक्षीस देणं बंद केलं. कर्ल म्हणजे नेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं साधन आणि त्यामागची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड. मोबाइल, टीव्ही, गाड्या, राउटर, सर्व्हर अशा, प्रकल्पाच्याच अंदाजानुसार, वीस अब्जांहून जास्त ठिकाणी ते बसवलेलं आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९० च्या दशकापासून ते सांभाळतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बक्षीस योजनेतून २०२५ च्या मध्यापर्यंत ८१ खऱ्या दोषांसाठी ९० हजार डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली होती. म्हणजे योजना फसलेली नव्हती. ती बंद पडली कारण येणारे अहवाल वाचायला माणसं पुरेनात.

२०२५ च्या पहिल्या सहामाहीत आलेल्या अहवालांपैकी सुमारे २० टक्के सरळसरळ एआयकडून लिहून घेतलेले होते आणि त्यांत काही तथ्य नव्हतं. सगळे मिळून खरे निघाले ते साधारण ५ टक्के. कर्लच्या सुरक्षा गटात तेव्हा सात जण होते. एक अहवाल आला की त्यातले तीन-चार जण तो वाचतात, प्रत्येकाचा कधी अर्धा तास जातो, कधी तीन तास. गटातल्या काहींकडे या कामासाठी आठवड्याला तीनच तास असतात. एका बनावट अहवालात एखाद्याचा सगळा आठवडा गेला असा त्याचा हिशेब होतो.

हे अहवाल खोटे आहेत हे पहिल्या नजरेत का कळत नाही, ते समजून घ्यायला हवं. २०२३ च्या अखेरीस कर्लकडे वेबसॉकेटच्या कोडमध्ये बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर मेमरीत शिरणं) असल्याचा अहवाल आला. भाषा शुद्ध, मुद्दे क्रमवार, कोडचा तुकडा जोडलेला. त्या तुकड्यात स्ट्रकॉपी हे सी भाषेतलं फंक्शन होतं. स्ट्रकॉपी लांबी न पाहता मजकूर उतरवतं म्हणून धोकादायक, हे हजारो लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं आहे. एआय मॉडेलने तेच वाचलेलं असतं, त्यामुळे स्ट्रकॉपी दिसलं की ‘दोष’ हा शब्द त्याच्याकडून आपसूक येतो. पण त्या ठिकाणी मजकुराची लांबी आधीच्या ओळींत तपासलेली होती. शंका दाखवून दिल्यावर अहवाल पाठवणाऱ्याकडून तितकीच सफाईदार उत्तरं येत राहिली आणि प्रत्येक उत्तर पुन्हा वाचावं लागलं. मे २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अहवालात एचटीटीपी/३ मधल्या ज्या फंक्शनवर बोट ठेवलं होतं, ते फंक्शन अस्तित्वातच नव्हतं. जोडलेला पॅचही (दुरुस्तीचा कोडही) लागू होईना. त्यानंतर स्टेनबर्ग यांनी जाहीर केलं की असा कचरा पाठवणाऱ्याला तिथल्या तिथे बंदी घालू.

या प्रकाराला इंग्रजीत स्लॉप म्हणतात, म्हणजे खरकटं. शब्द चपखल असला तरी तो पुरेसा नाही असं मला वाटतं. खरकटं वासावरून ओळखू येतं. इथे अडचण अशी की चांगला अहवाल आणि वाईट अहवाल वरून सारखेच दिसतात. पूर्वी वाईट अहवाल वाईट दिसायचा. मोडकं इंग्रजी, अर्धवट माहिती, कुठल्या आवृत्तीवर चाचणी केली त्याचा पत्ता नाही. अनुभवी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, दोन मिनिटांत तो बाजूला करायचा. नीट लिहिलेला अहवाल म्हणजे पाठवणाऱ्याने कष्ट घेतले आहेत, ही खूण पंचवीस-तीस वर्षं उपयोगी पडली. एआयने ती खूण पुसून टाकली. आता खरं-खोटं ठरवायला कोड उघडून, ती वाट शेवटपर्यंत चालून पाहण्याशिवाय मार्ग नाही. ते चालणं मात्र पूर्वीइतकंच महाग आहे.

ओपन सोर्समध्ये कोड लिहिणाऱ्यांचा तुटवडा कधीच मोठा नव्हता. तुटवडा होता आणि आहे तो वाचणाऱ्यांचा. पॅच आला की मेंटेनर पाहतो ते असं: ही मेमरी कोणी घेतली आणि कोण सोडणार, मध्येच चूक झाली तर कुठून बाहेर पडायचं, दोन लॉक कोणत्या क्रमाने घेतले आहेत, जुन्या आवृत्त्यांशी जुळतं का, आणि हे आपल्याला पुढची दहा वर्षं सांभाळायचं आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत जड. पॅच पाठवणारा निघून जातो, मर्ज करणारा, म्हणजे तो मूळ कोडात मिसळून घेणारा, त्या कोडबरोबर राहतो. वीस मिनिटांत तयार झालेला हजार ओळींचा पॅच नीट तपासायला दोन संध्याकाळी जातात. म्हणून एआयचा ओपन सोर्सवरचा परिणाम किती कोड तयार झाला यावरून मोजू नये. तपासण्याचं ओझं कोणाच्या खांद्यावर पडलं, ते पाहावं.

हे माप लावलं की एरवी विसंगत वाटणाऱ्या गोष्टी जुळतात. ज्या कर्लला खरकट्याचा त्रास झाला, त्याच कर्लला सप्टेंबर २०२५ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने एआय साधनांनी शोधलेल्या चुकांची लांबलचक यादी पाठवली. बहुतेक चुका लहान होत्या, पण खऱ्या होत्या. थोड्याच दिवसांत तिच्यावरून सुमारे ५० दुरुस्त्या मर्ज झाल्या आणि स्टेनबर्ग यांनी तिचं मोकळेपणाने कौतुक केलं. साधनं दोन्हीकडे एआयचीच होती. फरक इतकाच की या खेपेला यंत्राने काढलेलं सगळं तसंच पुढे ढकललं गेलं नाही. कोड वाचता येणाऱ्या माणसाच्या हाताखालून ते आलं.

तो हात का लागतो, हे मे २०२५ मधल्या एका प्रयोगातून दिसतं. लिनक्स कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) केएसएमबीडी या फाइल-शेअरिंगच्या भागातला आधीच माहीत असलेला एक दोष ओपनएआयच्या ओ३ मॉडेलला सापडतो का, ते एका संशोधकाने पाहिलं. साधारण ३,३०० ओळींचा नेमका कोड देऊन १०० वेळा विचारलं, तेव्हा ८ वेळा दोष सापडला. बहुतेक वेळा मॉडेल ‘काही नाही’ म्हणालं आणि पंचविसाहून जास्त वेळा नसलेला दोष दाखवला. कोड वाढवून सुमारे १२ हजार ओळी दिल्यावर तो दोष शंभरात एकदा सापडला. पण त्याच ढिगाऱ्यात, तोवर कोणालाच माहीत नसलेला दुसरा एक खरा दोष निघाला: एका धाग्याने (प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या एका कामाने) सोडून दिलेली मेमरी दुसरा धागा अजून वापरतो आहे. शोध मोलाचा होता. मात्र मॉडेलचे सगळे अहवाल वाचायला केएसएमबीडी आतून माहीत असलेला माणूस बसला होता. तो नसता आणि सगळी चळत कर्नलच्या सुरक्षा गटाला ईमेलने गेली असती, तर तोच प्रयोग उपद्रव ठरला असता.

गूगलच्या बिग स्लीप या एआय यंत्रणेने २०२४ मध्ये एसक्यूलाइट या डेटाबेसमधला मेमरीचा एक दोष अधिकृत आवृत्ती निघण्याआधी पकडला आणि तो त्याच दिवशी दुरुस्त झाला. त्याच वर्षी एआयने लिहिलेल्या फझिंगच्या (वेडावाकडा डेटा देऊन पाहण्याच्या) चाचण्यांमधून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत अनेक वर्षं लपलेला दोष निघाला. त्यामुळे ‘एआय ओपन सोर्सच्या कामाचं नाही’ असं कोणी म्हणत असेल, तर ते पुराव्याला धरून नाही.

पण दोष खरा असला म्हणजे ओझं टाकण्याचा परवाना मिळत नाही. २०२५ च्या अखेरीस एफएफएमपेगवरून वाद झाला तो याच मुद्द्यावर. एफएफएमपेग हा व्हिडिओ उलगडणारा प्रकल्प जवळजवळ प्रत्येक ब्राउझर आणि व्हिडिओ-सेवेच्या पोटात कुठे ना कुठे असतो, आणि तो मुख्यतः स्वयंसेवक चालवतात. बिग स्लीपने त्यांच्या एका जुन्या डिकोडरमध्ये (विशिष्ट प्रकारची फाइल उलगडणाऱ्या भागात) दोष शोधला. तो डिकोडर लुकासआर्ट्सच्या १९९५ सालच्या एका व्हिडिओ गेमची दृश्यं वाचण्यासाठी कोणीतरी हौसेने लिहिलेला. गूगलची बाजू तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. एफएफएमपेग फाइलचा प्रकार स्वतः ओळखतं, त्यामुळे हल्लेखोराने मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की तो विसरलेला डिकोडरही चालू होतो. स्वयंसेवकांची बाजूही बरोबर होती: अब्जावधींची कंपनी यंत्राने दोष शोधते, जाहीर करण्याच्या मुदतीचं घड्याळ लावते आणि दुरुस्तीचं काम फुकट राबणाऱ्यांवर सोडते. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: पॅच पाठवा, नाहीतर पैसे द्या. एक्सएमएल वाचणाऱ्या लिबएक्सएमएल२ च्या मेंटेनरनेही त्याच वर्षी जाहीर केलं की सुरक्षेचे अहवाल गुप्त ठेवून त्यांना वेगळं प्राधान्य देणं यापुढे जमणार नाही. दर आठवड्याचे कित्येक तास त्यातच जातात.

मला या वादात स्वयंसेवकांची मागणी रास्त वाटते आणि ती पुरवता येण्याजोगीही आहे. ज्या यंत्रणेला दोष सापडतो, तिला दुरुस्तीचा पहिला खर्डाही करता येतो. गूगलनेच ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या कोडमेंडर या एआय यंत्रणेने तोवर सहा महिन्यांत ओपन सोर्स प्रकल्पांना ७२ दुरुस्त्या दिल्या होत्या, आणि त्या माणसांनी तपासून पाठवल्या होत्या. म्हणजे जमतं. तेव्हा मोठ्या प्रमाणावर यंत्राने दोष शोधणाऱ्याने अहवालाबरोबर पॅच, चाचणी आणि ते तपासायला लागणाऱ्या वेळाचा मोबदला द्यावा, ही अपेक्षा आता नियमात उतरली पाहिजे.

एआयच्या कोडबद्दल प्रकल्पांनी केलेले नियम दोन टोकांचे आहेत. जेंटू या लिनक्सच्या एका आवृत्तीच्या कौन्सिलने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने केलेलं योगदान सरसकट नाकारलं. कारणं तीन दिली: कॉपीराइट, गुणवत्ता आणि नीतिमत्ता. पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाने अशा कोडच्या मालकीवर मुळातच संशय धरावा असं ठरवलं. मुख्य गटाची लेखी परवानगी असल्याशिवाय तो घ्यायचा नाही. संगणकाची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूने जून २०२५ मध्ये दार बंद केलं. उलट फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीने ऑक्टोबर २०२५ मध्ये परवानगी दिली, पण जबाबदारी पूर्णपणे पाठवणाऱ्या माणसाची ठेवून आणि मदत मोठी असेल तर ती उघड करायला सांगून. लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांतही आता एआयसाठी पान आहे. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी ओळ अशी की एआयने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहायचं नाही. ते फक्त माणूस लिहील. साधनाचं नाव आणि आवृत्ती ‘असिस्टेड-बाय’ या वेगळ्या ओळीत जाईल.

या ओळीचं वजन नव्या लोकांना सहसा ठाऊक नसतं. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला की आपला मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला गेला. कुठला कोड कोणाकडून आला, याचं पक्कं उत्तर देण्याची सोय तेव्हा कर्नलकडे नव्हती. म्हणून २००४ मध्ये एक छोटं प्रमाणपत्र आणलं गेलं: हा कोड मी लिहिला आहे, किंवा तो या परवान्याखाली देण्याचा हक्क मला आहे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही त्या प्रमाणपत्राखालची सही. गिट या कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनात ती एका पर्यायाने आपोआप उमटते म्हणून अनेकांना ती रिकामी रीत वाटते. सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय जमीन विकता येत नाही, तसंच हे आहे. मॉडेलकडे ना मालकी आहे, ना त्याला कोर्टात उभं करता येतं.

कॉपीराइटची अडचण काल्पनिक नाही. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साधनाचं पूर्वरूप बाहेर आलं. त्यानंतर काहीच दिवसांत लोकांनी दाखवून दिलं की क्वेक ३ या खेळातलं व्यस्त वर्गमूळ काढणारं प्रसिद्ध फंक्शन ते मूळ शेऱ्यांसकट जसंच्या तसं उतरवतं. तो कोड जीपीएल या खुल्या परवान्याखालचा होता. आज बरीच साधनं जुळणारे तुकडे गाळतात, पण शंभर टक्के हमी कोणी देत नाही. दुसरं टोक अधिक गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं की ज्यात माणसाची पुरेशी निर्मिती नाही, त्याला कॉपीराइट मिळत नाही आणि नुसत्या सूचना दिल्याने तो हक्क येत नाही. जीपीएल उभा आहे तो कॉपीराइटवर. ज्या कोडचा कोणीच मालक नाही, त्याच्यावर ‘बदल केलेत तर तेही खुले करा’ ही अट घालायची कोणी? कोडचा मोठा भाग असा झाला, तर जीपीएलची पकड आतून सैल होते. जेंटू किंवा क्यूईएमयूसारख्यांची सावधगिरी म्हणून भाबडी ठरत नाही.

तरी सरसकट बंदी हा बहुतेक प्रकल्पांसाठी टिकणारा उपाय आहे असं मला वाटत नाही. कारण साधं आहे: बंदी पाळली जाते की नाही हे ओळखता येत नाही. कोड एआयने लिहिला का, हे खात्रीने सांगणारं साधन आज नाही. बंदी असेल तर प्रामाणिक माणूस थांबतो आणि दुसरा लपवून पाठवतो. मेंटेनरला मिळणारी माहिती उलट कमी होते. लहान, दोन-तीन माणसांवर चाललेल्या प्रकल्पाने ‘आमच्याकडे वेळ नाही, म्हणून नको’ असं म्हटलं, तर तो त्यांचा पूर्ण अधिकार आहे. टीएलड्रॉ या चित्र काढण्याच्या साधनाच्या प्रकल्पाने जानेवारी २०२६ मध्ये बाहेरच्यांच्या पुल रिक्वेस्टच (‘हा बदल घ्या’ अशा विनंत्याच) बंद केल्या, त्यालाही नावं ठेवता येत नाहीत. पण बाकीच्यांनी उघड सांगण्याची आणि सहीची अट धरावी. ती मोडल्यावर काय होईल हे आधीच लिहून ठेवावं आणि मग खरोखर तसं करावं.

आता पाठवणाऱ्याने नेमकं काय करायचं ते पाहू; नियम उच्चारणं सोपं आहे, गाडं अडतं ते इथे. समजा, सी भाषेतला एखादा प्रोग्राम विशिष्ट फाइल दिल्यावर कोसळतो आणि एआयने दुरुस्ती सुचवली. आधी मुख्य शाखेचा ताजा कोड घेऊन ॲड्रेससॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवून बिल्ड करायचं आणि तीच फाइल द्यायची. सॅनिटायझरने मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, कुठे पुन्हा वापरली हे दाखवलं, तर दोष खरा. काही दिसलं नाही, तर अहवाल पाठवायचा नाही, मॉडेल कितीही ठाम असो. दुसरं, फाइल कमी करत न्यायची. चाळीस केबीच्या फाइलऐवजी साठ बाइटमध्ये तोच दोष दिसला, तर मेंटेनरचं अर्धं काम तिथेच झालं. तिसरं, त्या ओळी कोणी, कधी, का लिहिल्या हे गिट ब्लेमने पाहायचं. विचित्र दिसणारी तपासणी अनेकदा आठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या दोषामुळे मुद्दाम घातलेली असते, आणि मॉडेल ती ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकतं.

मग दुरुस्ती. मॉडेलची इथली सर्वांत आवडती चूक म्हणजे कोसळण्याच्या जागी ‘पॉइंटर रिकामा असेल तर परत फिरा’ अशी ओळ घालणं. कोसळणं थांबतं, चाचण्या हिरव्या होतात. पण पॉइंटर रिकामा झालाच कसा? तीन फंक्शनं आधी कोणीतरी चुकीचा परतावा दुर्लक्षित केला होता, तो तसाच राहिला. आता प्रोग्राम कोसळण्याऐवजी अर्धवट माहिती घेऊन पुढे जातो, आणि साठवणुकीच्या प्रोग्राममध्ये ते कोसळण्यापेक्षा वाईट. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये हेच रूप सगळ्या अपवादांना गिळून टाकणाऱ्या ‘ट्राय’च्या गुंडाळीचं असतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रकल्पात आधीच असलेलं फंक्शन सोडून तेच काम करणारं नवं लिहिणं, कारण मॉडेलला समोर दिलेल्या फाइली तेवढ्या दिसतात. तिसरी, मागितलेलं नसताना आजूबाजूच्या ओळी नीटनेटक्या करणं. चार ओळींची दुरुस्ती दीडशे ओळींच्या फरकात बुडते आणि तपासणाऱ्याला दीडशेच्या दीडशे वाचाव्या लागतात.

चाचणी आधी दुरुस्तीशिवाय चालवायची. ती नापास झालीच पाहिजे. यंत्राने लिहिलेली चाचणी बऱ्याचदा दुरुस्ती नसतानाही पास होते, कारण तिने दोषाच्या वाटेला हातच लावलेला नसतो. काही वेळा तर एजंट, म्हणजे स्वतः फाइली बदलणारं एआय, अडचणीची जुनी चाचणीच बदलून पास करून घेतं. म्हणून चाचण्यांच्या फाइलींमधला फरक सर्वांत आधी वाचावा. नवी लायब्ररी जोडली असेल तर ती खरोखर अस्तित्वात आहे का, कोणाची आहे, कधीपासून आहे हे पाहावं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने घेतले गेले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ २० टक्के नावं अस्तित्वातच नव्हती, आणि तीच खोटी नावं पुन्हा पुन्हा येत होती. हल्लेखोराला तेवढं पुरतं. ते नाव आधीच नोंदवून त्यात घातक कोड ठेवायचा आणि वाट पाहायची.

कमिटचा (बदलाच्या नोंदीचा) संदेश स्वतःच्या शब्दांत लिहावा, मोडक्या इंग्रजीत असला तरी चालेल. आपल्याकडच्या अनेकांना इंग्रजीची धास्ती असते आणि एआयने ती धास्ती घालवली, हे खरं आहे. व्याकरण सुधारून घेण्यात काहीच गैर नाही. पण रिव्ह्यूमध्ये ‘हा लॉक इथे का?’ असं विचारल्यावर तो प्रश्न चॅटबॉटमध्ये टाकून आलेलं उत्तर चिकटवणं हा मेंटेनरचा अपमान आहे. त्याला मॉडेलशी बोलायचं असतं तर तो स्वतः बोलला असता. विचारल्यावर समजावून सांगता येत नसेल, तर तो पॅच पाठवू नये.

एवढं सगळं करायचं तर वेळ वाचला कुठे, असा प्रश्न येईल. तो योग्य आहे. मीटर या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीला १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काहींत एआयला मुभा, काहींत मनाई. काम २४ टक्के लवकर होईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एआय वापरताना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम झाल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने उरकलं. ती साधनं तेव्हाची होती, आजचा आकडा वेगळा निघेल. बदलणार नाही ती गोष्ट म्हणजे आपल्या वेगाबद्दल आपलाच अंदाज इतका चुकू शकतो.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांशी याचा थेट संबंध आहे. गूगल समर ऑफ कोड या ओपन सोर्सच्या उपक्रमात सर्वांत जास्त विद्यार्थी भारतातून असतात, आणि बायोडेटावर ‘ओपन सोर्स योगदान’ ही ओळ असावी यासाठी धडपड असते. या धडपडीचं वाकडं रूप एआयच्या आधीच दिसलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमातल्या टी-शर्टसाठी चार पुल रिक्वेस्ट पुऱ्या करायच्या म्हणून रीडमी फाइलीत एखादा शब्द बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला, त्यांतल्या कितीतरी भारतातून. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवं त्यांनाच सहभागी करून घ्यावं लागलं. तेव्हाचा कचरा निदान एका ओळीचा होता. आज तोच विद्यार्थी एजंटला सांगून सहाशे ओळींचं फीचर पाठवू शकतो.

‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावलेली कामं कशासाठी असतात, हे कॉलेजांत कोणी सांगत नाही. मेंटेनर ती स्वतः पंधरा मिनिटांत करू शकतो. तो ती मुद्दाम मागे ठेवतो आणि नव्या माणसाला समजावण्यात दोन तास घालवतो, या आशेने की दोन वर्षांनी हाच माणूस इतरांचे पॅच तपासेल. विद्यार्थ्याने ते काम एआयकडून करून घेतलं, तर मेंटेनरचे दोन तास मॉडेलला शिकवण्यात गेले, आणि मॉडेल त्यातून काही शिकत नाही. एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रकल्पाने आपल्या धोरणात अशा कामांवर एआय वापरायला मनाई केली आहे, ती याच कारणाने. बाकी ठिकाणी माणूस मध्ये राहील या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे. हा नियम प्रत्येक प्रकल्पाने उचलावा. आणि जी कॉलेजं मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्ट मोजून गुण देतात, त्यांनी ती पद्धत सोडावी. त्याऐवजी विद्यार्थ्याने एका सत्रात दुसऱ्यांचे पाच पॅच बिल्ड करून, चालवून, त्यावर नोंद लिहिली, तर त्याचे गुण द्यावेत. पॅच चालवून पाहणाऱ्याची तिथे खरोखर गरज आहे आणि त्यात एआय वापरूनही फसवणं अवघड आहे. चालवल्यावर काय दिसलं ते सांगावं लागतं.

मराठीकरणातही हेच ओझं वेगळ्या वेशात येतं. प्रोग्रामच्या पीओ (भाषांतराच्या) फाइलीतल्या हजार ओळी मॉडेल पाच मिनिटांत मराठीत आणतं. पण ‘राइट’ हा शब्द मजकूर उजवीकडे सरकवण्याचं बटण आहे की ‘बरोबर’, ‘होम’ म्हणजे मुख्य पान की घर, हे नुसत्या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी प्रोग्राम उघडून ती खिडकी पाहावी लागते. ‘%s ने %s हटवलं’ अशा वाक्यात दोन जागांचा क्रम मराठीत उलटला, तर क्रमांक द्यावे लागतात. ते राहिले की फाइलीच्या जागी माणसाचं नाव येतं. हटवलेली गोष्ट ‘फाइल’ असली की ‘हटवली’ आणि ‘फोल्डर’ असला की ‘हटवला’, हा वेगळाच गुंता. जीएनयू गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात यावर उपाय अनेक वर्षांपासून आहे: अशी प्रत्येक ओळ ‘फझी’ खुणेने ठेवायची. खूण असेपर्यंत ती वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही, माणसाने पाहून खूण काढली की पोचते. यंत्राचं भाषांतर आलं तरी चालेल, पण या खुणेसकट. मोझिलाच्या मदत-लेखांवर ऑक्टोबर २०२५ मध्ये भाषांतराचा बॉट चालवला गेला आणि जपानी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं घडवलेले लेख त्याने परस्पर बदलले. पुढच्याच महिन्यात त्या गटाचा म्होरक्या काम सोडून गेला. मराठीसाठी असं काम करणारे स्वयंसेवक जपानीइतकेही नाहीत.

माणसं थकून जाणं हा भावनेचाच नव्हे, सुरक्षेचाही प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, सापडलं. ते बसवणाऱ्याने दोन-अडीच वर्षं चांगले पॅच देऊन विश्वास मिळवला होता, आणि त्या काळात वेगवेगळ्या नावांनी आलेले ईमेल एकट्या, दमलेल्या मेंटेनरवर ‘दुसऱ्याला अधिकार द्या’ असा दबाव आणत होते. दार उघडं पडलं ते एका डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं म्हणून. आज असे चांगले दिसणारे पॅच आणि दबावाचे ईमेल दोन्ही घाऊक तयार करता येतात. अशा वेळी कर्ल, एफएफएमपेग किंवा एक्सझेड वापरणाऱ्या कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी सपोर्टचे करार थेट मेंटेनरांशी करावेत आणि त्या करारात रिव्ह्यूचे तास वेगळे, पैशांसकट लिहावेत. कर्लच्या गटातल्या त्या माणसाचे आठवड्याचे तीन तास सहा झाले, तर पुढचा खरा अहवाल वाचायला कोणीतरी जागेवर असेल.